गारठा मोजायचा कुठे?

राजूर घाटात डांबरावर बर्फ धरला, असं बुलढाण्यात कुणी सांगितलं तर लोक हसतील. थंडीत घाट धुक्यानं भरतो, दवानं रस्ता ओला होतो, त्यापुढे गोष्ट जात नाही. पण थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ हेरणारी जी उपकरणं असतात, त्यांचं कूळ शोधत मागे गेलं तर वाट अलाहाबादच्या शेतात येते.

तिथली बर्फ करण्याची रीत सर रॉबर्ट बार्कर यानं १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. उथळ खड्डे खणायचे, त्यांत उसाची नि मक्याची वाळलेली ताटं अंथरायची, वर मातीचे बिनझिलईचे परळ मांडून त्यांत उकळून निववलेलं पाणी ओतायचं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की पहाटे परळात बर्फ! आणि हे कुठे, तर जिथल्या तळ्या-हौदांत बार्करला बर्फ कधी दिसला नव्हता तिथे. पुष्कळांनी श्रेय बाष्पीभवनाला दिलं. विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरला ते पटेना. वाऱ्यानं बाष्पीभवन वाढतं, मग वारा सुटला की बर्फ का धरत नाही? रात्री बागेत लोकरीचे झुपके ठेवून, पहाटे ते तोलून त्यानं १८१४ साली दवावरचा निबंध छापला. उघड्या आभाळाखालची वस्तू आपली उष्णता वर सोडते आणि भोवतालच्या हवेहूनही गार होते. ताटं जमिनीची ऊब वर येऊ देत नाहीत. ज्यांनी ती अंथरली त्यांची नावं अर्थातच कुठे नाहीत.

म्हणूनच वेधशाळेतल्या पांढऱ्या पेटीतला तापमापक पुरत नाही. तो जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच, सावलीत. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दव गोठतं तेव्हाही पेटीतला पारा शून्याच्या बराच वर असतो. म्हणून आणखी एक तापमापक गवताच्या शेंड्यांलगत उघड्यावर आडवा ठेवायची पद्धत आली.

पुण्याच्या हवामान खात्यातल्या एल. ए. रामदास यांनी यात एक कोडं घातलं. १९३२ साली त्यांनी आणि एस. आत्मनाथन यांनी दाखवलं, की उघड्या मातीवर निरभ्र, निवांत रात्री सर्वांत गार हवा जमिनीला टेकलेली नसते, वीतभर किंवा थोडी अधिक वर असते. आधी कुणाचा विश्वास बसला नाही. पुढे त्या थराला रामदासांचंच नाव मिळालं, आणि त्याच्या कारणांवर वाद अनेक दशकं चालला.

रस्त्याचं उपकरण मात्र हवेला विचारतच नाही. ते डांबरात, पृष्ठभागाशी समतल पुरलेलं असतं. तापमान किती, ओल आहे का, आणि विद्युतवाहकतेवरून त्या ओलीत मीठ किती, एवढं ते पाहतं. मिठामुळे गोठणबिंदू खाली जातो. दुसरी जात खांबावरून अवरक्त किरणांनी पाणी आणि बर्फ वेगळे ओळखते. पुलावर अशी उपकरणं आवर्जून बसवतात, कारण पुलाला खालून जमिनीची ऊब नसते आणि तो आधी गोठतो.

आपल्याकडे कडाक्याच्या थंडीत केळीच्या, द्राक्षांच्या बागेच्या बांधावर पहाटे ओला पालापाचोळा पेटवून धूर करतात. उघड्या आभाळाकडे निघालेली उष्णता त्यानं थोडीफार अडते, असं मानतात. वारा असेल तर धूर ठरत नाही; पण वारा असला तर त्या रात्री दवही सहसा गोठत नाही.