हसण्यावारी नेलेला रोग

घरात कोणी घोरू लागले की आपण त्याला कुंभकर्ण म्हणतो आणि हसतो. घोरणे म्हणजे गाढ झोप, ही आपली जुनी समजूत. ती किती महाग पडली, हे आज आम्हांला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

१८३६-३७ साली चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली. तीत जो नावाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे. तो पानावर वाढता वाढता झोपतो, गाडीवर बसल्या बसल्या घोरतो. वाचकांची त्याने मोठी करमणूक केली.

पुढे १९५६ साली अमेरिकेत डॉ. बरवेल व त्यांचे सहकारी यांनी एका स्थूल गृहस्थाची हकीकत छापली. पत्ते खेळताना त्यांच्या हाती तीन एक्के आणि दोन बादशहा आले होते. पण असा हुकमी डाव हाती असताना त्यांना झोप लागली! तेव्हा कुठे त्यांनी इस्पितळ गाठले. डॉक्टरांना जो आठवला आणि त्यांनी या व्याधीला ‘पिकविक’चेच नाव दिले. तथापि त्यांचे लक्ष मुख्यतः रोग्याच्या जागेपणीच्या श्वासावर होते.

१९६५ साली फ्रान्समध्ये गास्तो यांनी, तसेच जर्मनीत युंग व कूलो यांनी अशा रोग्यांच्या झोपेतील श्वासाची यंत्राने नोंद घेतली आणि खरा प्रकार उघडकीस आला. झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, श्वास सुटतो. पुन्हा डोळा लागतो आणि पुन्हा तेच. सकाळी रोग्याला यातले काही आठवत नाही. १९७६ साली गियमिनो यांनी याला ‘स्लीप ॲप्निया’ हे नाव रूढ केले आणि लठ्ठ नसलेल्यांनाही तो जडतो हे दाखविले.

दहा सेकंद वा अधिक काळ श्वास अडला की तो मोजला जातो. तासाला तीस वेळा अडणे ही गंभीर अवस्था होय. दर खेपेस रक्तातील प्राणवायू घटतो आणि रक्तदाब उसळतो. म्हणूनच उच्च रक्तदाब, हृदयाची अनियमित गती, पक्षाघात आणि मधुमेह यांच्याशी या रोगाचे नाते आढळते. दिवसा येणारी पेंग तर मोटार चालविणाऱ्याच्या जिवावरच बेतते.

उपचार म्हणून प्रथम गळ्याला भोक पाडून श्वासनलिका उघडी करीत. १९८१ साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन व सहकारी यांनी पाच रोग्यांच्या नाकावाटे दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवून दाखविला. शस्त्रावाचून रोगी शांत झोपू लागले.

श्रोतेहो, डिकन्सच्या जोपासून या शोधापर्यंत सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. सगळे आवाज ऐकत होते. धोका मात्र त्या आवाजातल्या खंडात होता. रोग्याला स्वतःला तो ऐकू येत नाही. त्याची साक्षीदार असते शेजारी जागी असलेली पत्नी, आई किंवा मुलगा. तेव्हा घरातले घोरणे मध्येच थांबले तर कान द्या आणि सकाळी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला.