ओस पडत चाललेली चावडी

विद्या दिल्यानें वाढते, असें आपण नेहमीं म्हणतों. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारांच्या जगांत हें वचन अक्षरशः खरें ठरल्याचा एक काळ होऊन गेला. त्याचा उदय व उतार आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

प्रोग्रॅम लिहिणें हें काम एकांताचें. एखादें विरामचिन्ह राहिलें तरी सारें काम अडून बसतें, आणि विचारावयास जवळ जाणता मनुष्य असतोच असें नाहीं. या अडचणींतूनच परस्परसाहाय्याची पद्धत निघाली. १९७९ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाचे टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनीं अशी कल्पना काढली कीं, निरनिराळ्या ठिकाणच्या संगणकांनीं टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांस मजकूर पोंचवावा, व एकानें लिहिलेलें सर्वांनीं वाचावें. पुढच्याच वर्षीं ती प्रत्यक्षांत आली. तिचें नांव 'यूजनेट'. विषयवार मंडळें निघालीं. २५ ऑगस्ट १९९१ रोजीं हेलसिंकीच्या लायनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें, आपण हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत असून लोकांच्या सूचना हव्या आहेत, असें एका मंडळांत कळविलें. तीच आज जगभर पसरलेली 'लिनक्स' होय.

दर सप्टेंबरांत विद्यापीठांतून नवे विद्यार्थी यावे, त्यांनीं थोडा गोंधळ घालावा, व रीतभात शिकून स्थिरावावें, असा यूजनेटचा क्रम होता. परंतु १९९३-९४ च्या सुमारास व्यापारी कंपन्यांनीं आपल्या असंख्य वर्गणीदारांस हें दार उघडून दिलें, आणि तो सप्टेंबर पुढें कधीं संपलाच नाहीं! जाहिराती व वितंडवाद माजले. जाणते लोक हळूहळू उठून गेले. २०१० च्या मे महिन्यांत खुद्द ड्यूक विद्यापीठानेंच आपला यूजनेटचा संगणक बंद केला.

ती उणीव २००८ सालीं जेफ ॲटवुड व जोएल स्पॉल्स्की यांनीं काढलेल्या 'स्टॅक ओव्हरफ्लो'नें भरून काढली. प्रश्न एक, उत्तरें अनेक. वाचकांनीं मतें द्यावीं, व सर्वांत उपयुक्त उत्तर वर यावें, अशी तेथील व्यवस्था. उत्तर देणारास पैसा नव्हे, गुण मिळत. पुण्यांतील तरुणानें मध्यरात्रीं विचारलेल्या शंकेचें निरसन सातासमुद्रापलीकडील अनोळखी मनुष्यानें करावें, व तें पुढें हजारोंच्या उपयोगीं पडावें, हें तेथें नित्य घडे. २०१४ च्या सुमारास महिन्याकांठीं दोन लाखांच्या घरांत प्रश्न येऊं लागले.

पण शिस्तीचा अतिरेकही झाला. 'हें पूर्वींच विचारलें आहे' असें म्हणून नवख्यांचे प्रश्न बंद होऊं लागले, आणि कित्येक जण एकदां अपमान झाल्यावर पुन्हां फिरकले नाहींत. म्हणजे ओहोटी आधींच लागली होती. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं 'चॅटजीपीटी' अवतरलें, तेव्हां तिचा वेग मात्र विलक्षण वाढला. यंत्र न रागावतां, तत्काळ व एकांतांत उत्तर देतें. तें चुकीचें असलें तरी तितक्याच आत्मविश्वासानें देतें! यंत्रलिखित उत्तरांस संस्थेनें त्याच डिसेंबरांत मनाई केली. तथापि २०२४ अखेर नवीन प्रश्नांची संख्या भरतीच्या काळाच्या पंचमांशाहूनही खालीं गेली.

यांतील खरें मर्म असें कीं, हीं यंत्रें शिकलीं तीं बऱ्याच अंशीं याच चावडीवरील उत्तरें वाचून. मे २०२४ मध्यें संस्थेनें चॅटजीपीटीच्या चालकांशीं रीतसर करार केला, तेव्हां कित्येकांनीं संतापून आपलीं जुनीं उत्तरें पुसण्याचा प्रयत्न केला. फुकट दिलेल्या दानाचा व्यापार झाला, हें त्यांचें दुःख होतें. परंतु पुसून काय साधणार? नुकसान होणार तें उद्यांच्या विद्यार्थ्याचें.

नवख्यास अपमानावांचून उत्तर मिळूं लागलें, हा लाभ मोठा आहे. तो मीं नाकारीत नाहीं. परंतु चावडीवर विचारलेली शंका मागून येणाऱ्यासाठीं उरत असे. यंत्राच्या कानांत सांगितलेली तेथेंच विरून जाते. उद्यां नवी भाषा निघेल, नवी अडचण येईल. तिचें पहिलें उत्तर कोणा माणसानेंच खटपट करून शोधावयाचें आहे. तें त्यानें चारचौघांत सांगावें, अशी जागा राखणें हें आपल्याच हातीं आहे.