कथेचे पहिले अंगण

मराठी कथेचा इतिहास आपण ग्रंथांच्या नावांनी सांगतो. वस्तुतः तो घडला नियतकालिकांच्या पानांवर. हरी नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केले आणि आपल्या स्फुट गोष्टी त्यातून वाचकांपुढे ठेवल्या. काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे ‘मासिक मनोरंजन’ १८९५ साली निघाले. त्याच मासिकाने १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक परंपरा रुजली. दरवर्षी शेकडो पाने भरायची, तर नवे लेखक शोधणे संपादकांना भागच होते.

१९३३ ते १९८२ या काळात चाललेल्या ‘सत्यकथा’ने याहून मोठे कार्य केले. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा तेथे बहरली. श्री. पु. भागवत व राम पटवर्धन हे संपादक हस्तलिखित बारकाईने वाचीत, उणिवा कळवीत, पुनर्लेखन सुचवीत. नवलेखकाला छापील पानाइतकीच अशा वाचकाची गरज असते.

ख्रिस्ती समाजानेही असे अंगण राखले. अहमदनगरला १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ काढला. वसईत १९५५ साली ‘सुवार्ता’ आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ ‘सुवार्ता’चे संपादक होते; २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. धर्मप्रांताच्या मासिकातून मराठी साहित्याच्या मुख्य प्रवाहापर्यंत वाट जाते, याचा हा दाखला.

येथे आम्हा धर्मगुरूंनी एक चूक कबूल केली पाहिजे. शेवटी बोध असला की कथा छापण्याजोगी, असे आम्ही पुष्कळदा मानले. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ अखेर घरात गेला की बाहेरच राहिला, हे प्रभू सांगत नाही. तो निर्णय त्याने ऐकणाऱ्यावर सोपवला. आमच्या तरुणांच्या कथांना आम्ही एवढीही मोकळीक दिली नाही.

म्हणून नवलेखकांना आमची विनंती आहे: घरातली बोली, वाडीतले भांडण, विकलेल्या जमिनीचे दुःख निर्भयपणे लिहा. कथा परत आली तर खचू नका; पुन्हा लिहून पाठवा. आणि वाचक कुटुंबांनो, वर्गणी भरून अंक कपाटात ठेवू नका. नव्या नावाची कथा आधी वाचा व दोन ओळी कळवा. वाचणारे कोणी नसेल, तर अंगण असून ओसच राहील.