दुधाचे दात किडणे : कारणे, उपचार आणि काळजी

'दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, मग उपचार कशाला?' हा प्रश्न बहुतेक पालक विचारतात. प्रश्न रास्त वाटला तरी त्यामुळे मुलांचे नुकसान होते. किडलेल्या दाढेने दुखत असेल तर मूल नीट जेवत नाही, एकाच बाजूने चावते, रात्री रडत उठते. वजन वाढत नाही, शाळा बुडते. किडीतला जंतुदोष खाली हाडात उतरला तर तिथे तयार होत असलेल्या कायमच्या दातालाही इजा होऊ शकते. दाढ फार लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात, आणि कायमचा दात वेडावाकडा येतो.

दुधाचे दात किती काळ लागतात?

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. तो बहुधा खालचा समोरचा असतो. अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे २० दात येतात. समोरचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडू लागतात. दुधाच्या दाढा मात्र १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाची दाढ किडली तर तिच्यावर अजून सात-आठ वर्षे जेवायचे असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून पालकांना ती दुधाचीच वाटते. ही कायमची दाढ आहे. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

दात किडतो म्हणजे काय होते?

दातात अळी किंवा किडा नसतो. दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो, त्याला कीटण म्हणतात. आपण गोड किंवा पिठूळ पदार्थ खाल्ला की हे जंतू त्यातल्या साखरेचे आम्ल करतात. हे आम्ल दाताच्या वरच्या कठीण कवचातले कॅल्शियम विरघळवते. लाळ हे आम्ल हळूहळू धुऊन काढते आणि कवचाची थोडी झीज भरूनही काढते. या कामाला साधारण अर्धा ते एक तास लागतो. त्याआधीच पुन्हा काही गोड तोंडात गेले तर लाळेला सवड मिळत नाही. झीज भरण्यापेक्षा जास्त होते आणि शेवटी खड्डा पडतो.

दुधाच्या दातांचे कवच पातळ असते आणि आतला नसांचा गाभा मोठा असतो. म्हणून मोठ्यांच्या दाताला जेवढा काळ लागतो, त्यापेक्षा खूप लवकर, काही महिन्यांतच, कीड गाभ्यापर्यंत पोचते.

बाटली आणि रात्रीचे दूध

लहान बाळांचे दात किडण्याचे हे मोठे कारण आहे. बाळ बाटली तोंडात ठेवून झोपते. झोपेत लाळ कमी सुटते आणि गिळणेही मंदावते, त्यामुळे साखर घातलेले दूध तासन् तास वरच्या दातांभोवती साचून राहते. खालचे समोरचे दात जिभेमुळे आणि लाळेमुळे बरेचसे वाचतात. म्हणून या प्रकारात वरचे समोरचे चार दात आधी किडतात आणि खालचे चांगले दिसतात.

- बाटली शक्यतो सुरूच करू नये. वरचे दूध वाटी-चमच्याने किंवा पेल्याने पाजावे. बाटली असलीच तर वर्षाच्या आसपास सोडवावी.
- दुधात साखर, गूळ किंवा चॉकलेटची पावडर घालू नये. बाळाला साध्या दुधाची चव आवडते. गोडाची सवय आपणच लावतो.
- चोखणी मधात किंवा साखरेत बुडवून देऊ नये. एक वर्षाच्या आत मध तर अजिबात देऊ नये, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.
- आईचे दूध दोन वर्षे किंवा त्याहून जास्त काळ चालू ठेवावे. दात आल्यावर मात्र झोपण्यापूर्वी ते स्वच्छ करावेत, आणि वर्षानंतर रात्रभर स्तन तोंडात ठेवून झोपण्याची सवय हळूहळू कमी करावी.
- औषधांची बरीच सिरपे गोड असतात. रात्री औषध दिल्यावर दात पुसावेत किंवा पाणी पाजावे.

खाणे : किती, यापेक्षा किती वेळा

एका बैठकीत खाल्लेल्या दोन पेढ्यांपेक्षा दिवसभर चघळलेली एक गोळी दातांना जास्त घातक असते. चहात बुडवलेले बिस्कीट, खारी, वेफर्स, टॉफी, चिक्की हे पदार्थ दाढांच्या खाचांत चिकटून बसतात. गूळ, मध आणि खजूर यांनीही दात किडतात. ते साखरेपेक्षा पौष्टिक असतील, पण जंतूंना तो फरक कळत नाही.

गोड द्यायचेच असेल तर जेवणाबरोबर द्यावे. मधल्या वेळेला शेंगदाणे, फुटाणे, काकडी, गाजर, पेरू, उकडलेले अंडे किंवा दही असे पदार्थ चांगले. तीन-चार वर्षांखालच्या मुलांना मात्र अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. कच्चे गाजरही किसून द्यावे. तहान लागली की पाणी द्यावे, सरबत किंवा डब्यातला रस नको. दोन वर्षांच्या आत वरून घातलेली साखर टाळणे उत्तम.

दात कसे घासावेत?

पहिला दात दिसला त्याच दिवशी सुरुवात करावी. मऊ, लहान डोक्याचा ब्रश घ्यावा. दिवसातून दोनदा दात घासावेत. त्यातली रात्रीची वेळ कधीही चुकवू नये, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही देऊ नये.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला नीट वळण नसते, त्यामुळे पालकांनीच दात घासून द्यावेत. मुलाला आधी स्वतः घासू द्यावे आणि मग आपण एकदा फिरवावा. मुलाचे डोके मांडीवर घेऊन वरून पाहिले की मागच्या दाढाही नीट दिसतात.

- पेस्ट फ्लोराइड असलेली घ्यावी. १००० पीपीएम प्रमाण वेष्टनावर वाचून घ्यावे. लहान मुलांच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसते किंवा फार कमी असते.
- तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी.
- घासल्यावर फेस थुंकायला लावावा, पण खळखळून चुळा भरू नयेत. थोडे फ्लोराइड दातांवर राहिले तरच उपयोग होतो.
- राखुंडी, विटेची पूड, मीठ यांनी कवच घासले जाते. मिसरीत तंबाखू असते, ती मुलांच्या हाती कधीही देऊ नये.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. त्यामुळे मुलांच्या कायमच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग पडतात. अशा गावांत पाणी तपासून घ्यावे आणि पेस्टबद्दल दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

महिन्यातून एकदा ओठ उचलून पहा

उजेडात बाळाचा वरचा ओठ उचलून हिरडीजवळची कड पहावी. तिथे खडूसारखा पांढरा पट्टा दिसला तर ती किडीची सुरुवात आहे. या पायरीवर खाण्याच्या सवयी बदलून, दोनदा पेस्टने घासून आणि दंतवैद्याकडून फ्लोराइडचा लेप लावून कीड थांबवता येते. पिवळा-तपकिरी डाग किंवा खड्डा म्हणजे कीड पुढे गेली. हिरडीवर पुळी येऊन त्यातून पू येत असेल, तर गाभा मेला आहे असे समजावे.

उपचार

लहान खड्डा सिमेंटने भरता येतो. फार लहान, घाबरणाऱ्या मुलांत चांदीयुक्त फ्लोराइडचे द्रावण लावून कीड रोखता येते. त्याने किडलेला भाग काळा पडतो, पण सुई-मशीन लागत नाही. कीड गाभ्यात गेली असेल तर दुधाच्या दाढेचेही रूट कॅनाल करून वर टोपी बसवतात. दाढ काढावीच लागली तर जागा राखणारी तार बसवून घ्यावी का, हे जरूर विचारावे. सहाव्या वर्षी आलेल्या कायमच्या दाढेच्या खोल खाचा लेप लावून बुजवता येतात. हा उपाय वेदनारहित आहे आणि कीड होण्याआधीच करायचा असतो.

दुखत असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. लवंगेच्या तेलाने लहान मुलांची हिरडी भाजू शकते. बियांची धुरी देऊन 'किडे काढणे' ही निव्वळ फसवणूक आहे.

ताबडतोब दवाखान्यात न्या

- गाल, डोळ्याखाली किंवा जबड्याखाली सूज
- दातदुखीबरोबर ताप
- तोंड उघडता न येणे, गिळता न येणे, लाळ गळणे
- श्वासाला त्रास

अशी सूज दुसऱ्या दिवसावर टाकू नये. उरलेल्या गोळ्या-औषधांवरही वेळ काढू नये.

तपासणी कुठे करावी?

पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा आणि नंतर दर सहा महिन्यांनी दात दाखवावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत येते, त्यात दातांचीही तपासणी असते. पथकाने चिठ्ठी दिली तर ती बाजूला ठेवू नका. जिल्हा रुग्णालयात दंतविभाग असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे कमी खर्चात उपचार होतात.

दुखत नसताना दंतवैद्याकडे नेलेले मूल पुढे तिथे जायला घाबरत नाही. 'ऐकले नाहीस तर डॉक्टर दात काढतील' अशी भीती मात्र घरात कधीही घालू नये.