दऱ्या, दर्या आणि एकाच नावाच्या दोन फाइल्स

आजची गोष्ट सोलापूर जिल्ह्यातल्या मैंदर्गीपासून सुरू करूया. अक्कलकोट तालुका, कर्नाटकची सीमा जवळच, त्यामुळे मराठी आणि कन्नड दोन्ही कानावर पडतात.

आता हेच नाव एखाद्या फाइलला द्या. आपल्याला अक्षरं दिसतात तीन: मैं, द, र्गी. कॉम्प्युटर मोजतो आठ चिन्हं: म, दोन मात्रा, अनुस्वार, द, र, हलन्त, ग आणि वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे झाले २४. रोमनमध्ये हेच नाव नऊ बाइटांत बसतं. लिनक्सवर फाइलच्या नावाला साधारण २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीची फक्त ८५ चिन्हं. लांबलचक मराठी नाव कॉपी होताना अडकतं, ते यामुळेच.

पण खरी गंमत वेगळीच आहे. समजा, तुम्ही 'शेतकऱ्यांची यादी' नावाची फाइल मॅकवरून लिनक्सवर सिंक केली. दुसऱ्या दिवशी बघता तर त्याच नावाच्या दोन फाइल्स! एकीत कालची दुरुस्ती, दुसरीत जुनी माहिती. आता डिलीट कुठली करायची?

चोर कोण? तो 'ऱ'. मराठीला याची गरज आहेच. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. मात्र १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात 'ऱ' होता तो दक्षिणेकडच्या लिप्यांमधल्या कठोर 'र'साठी. जुन्या कन्नडमध्येही तसं अक्षर होतं. युनिकोडनं देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली, आणि आपला 'ऱ्या' या पाहुण्या अक्षराच्या आधारानं लिहिला जाऊ लागला.

युनिकोडमध्ये 'ऱ' लिहायच्या दोन रीती आहेत: एक अखंड चिन्ह, किंवा साधा 'र' आणि खाली नुक्ता. दिसायला दोन्ही सारख्याच, बाइट मात्र वेगळे. १९९८ मध्ये ॲपलनं एचएफएस प्लस आणलं. ती व्यवस्था नावं फोडून, म्हणजे 'र' अधिक नुक्ता असं करून साठवायची. विंडोज आणि लिनक्स मात्र तुम्ही दिलंत तसंच ठेवायचे.

सिंक करणारा प्रोग्रॅम नाव वाचत नाही, बाइट जुळवतो. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी काढलेला आरसिंकसुद्धा तसाच. नाव जुळलं नाही की तो म्हणतो, 'ही नवी फाइल, आणि ती तिकडची फालतू.' त्यात जास्तीच्या फाइल्स पुसायचा पर्याय चालू असेल, तर ती पुसलीही जाते. २००८ च्या आरसिंक ३ मध्ये नावांचं रूपांतर करणारा आयकॉन्व्ह पर्याय आला. २०१७ पासून ॲपलची नवी एपीएफएस व्यवस्थाही नाव आहे तसंच ठेवते. पण आधी फुटलेली नावं जुन्या डिस्कवर अजून तशीच आहेत.

शिवाय तिसरी रीतही आहे: र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. ही पहिल्या दोघींशी समान धरलीच जात नाही, त्यामुळे रूपांतर करूनही जुळत नाही.

मग करायचं काय? फाइलला मराठी नाव द्यायला घाबरू नका. नाव आटोपशीर ठेवा. अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि तारका टाळा, कारण विंडोज ते घेतच नाही. एकच कीबोर्ड वापरा. आणि सारख्या दिसणाऱ्या दोन फाइल्स दिसल्या, तर आधी दोन्ही उघडून बघा, मगच एक पुसा.

तुमच्या फोनमध्ये अशी जोडी सापडली तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!