पिलाऊतली लवंग

स्वाहिली पिलाऊत हळद नसते, केशरही नसतं. त्याचा तपकिरी रंग येतो कांद्यातून. पनवेलच्या घरात तो करायचा तर नवं काही आणावं लागत नाही, फक्त धीर लागतो. कांदा करपायच्या बेतात येईपर्यंत परतायचा. मग आलं-लसूण, जिरं, मिरी, दालचिनी, वेलची, लवंग. त्यात मटण शिजवायचं आणि त्याच रश्शात, त्याच पातेल्यात तांदूळ. तिकडे झाकणावर निखारे ठेवतात. आपण गॅसवाल्यांनी पातेल्याखाली तवा सरकवावा. सोबत कांदा-टोमॅटोची ‘कचुंबरी’.

हा शब्द कुठून गेला, ते सांगायला नको. चपाती, बिर्याणी, पिलाऊ हे शब्द व्यापारी, कारागीर आणि खलाशांबरोबर मोसमी वाऱ्यांवर मोम्बासा-झांझिबारला पोचले. पुढे कोकणातली मुस्लिम कुटुंबंही केनियात स्थायिक झाली. लवंग मात्र उलट दिशेने आली.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झांझिबारमध्ये लवंगेची लागवड सुरू झाली. ओमानच्या सय्यद सईदने ती वाढवली आणि 1840च्या सुमारास दरबारच तिथे हलवला. कळ्या खुडायला आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरून पकडून आणलेले गुलाम होते. बंदरावरच्या जकातीचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. गुलामांवरची जकातही त्यातच यायची. मुंबई ही लवंगेची मोठी बाजारपेठ. रेल्वे येण्यापूर्वी मुंबईचा माल होडीने पनवेल बंदरात उतरे आणि बोरघाट चढून पुण्याकडे जाई. त्या गोण्यांमध्ये ही लवंगही असणार. झांझिबारमध्ये गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपली ती थेट 1897 मध्ये.

आपल्याकडच्या पुस्तकांत फारसं न येणारं प्रकरण त्यानंतरचं आहे. 1937 मध्ये तिथल्या ब्रिटिश सरकारने लवंग खरेदीची मक्तेदारी उत्पादकांच्या एका संघाला दिली. भारतीय व्यापारी बाजूला पडले. त्यांच्या पाठिंब्यासाठी काँग्रेसने झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला. परदेशी कापडाची होळी सगळ्यांना ठाऊक असते. लवंगेचा बहिष्कार कोण सांगतं? भारत हा मोठा गिऱ्हाईक असल्याने तो झोंबला आणि 1938 मध्ये तडजोड होऊन व्यापाऱ्यांना पुन्हा वाट मिळाली.

हा सरळसोट स्वातंत्र्यलढा होता, असं मला वाटत नाही. मक्तेदारी अन्यायाची होतीच. पण बागांचे अरब मालक आणि आफ्रिकी छोटे शेतकरी भारतीय सावकारांच्या कर्जात बुडालेले होते आणि सरकार त्यांचंच नाव पुढे करत होतं. मुंबईत बहिष्कार पाळणाऱ्याला व्यापाऱ्याचा अपमान दिसला. कळ्या खुडणारे हात तेव्हाही कुणाच्या ठरावात नव्हते.

पिलाऊ वाढताना लवंगा वेचून काढत नाहीत. दाताखाली आली की आधी कडू लागते, मग जीभ बधिर होते.