गिअरबॉक्स खोलायच्या आधी काय तपासाल? क्लच, गिअर ऑइल आणि एएमटी

गिअर अडकतात, गाडी झटके देते, चढावर ओढत नाही. अशी गाडी गॅरेजला नेली की बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं, "गिअरबॉक्सचं काम निघालंय." आणि हे उत्तर खिशाला जड जातं, कारण गिअरबॉक्स खाली उतरवायचा म्हणजे मजुरी, त्यात उतरवलाच आहे तर क्लच सेटही बदलून घ्या हा सल्ला. (हा सल्ला बहुतेक वेळा बरोबरच असतो, मजुरी दोनदा लागत नाही.) पण मी पाहिलेल्या अशा तक्रारींपैकी बऱ्याच गिअरबॉक्सच्या नव्हत्याच. कुठे क्लच होता, कुठे ऑइल, आणि एएमटी गाडीत तर चक्क बॅटरी. म्हणून मिस्त्रीकडे जाण्याआधी काय बघायचं ते इथे सांगतो.

आधी क्लच बघा

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत गिअर अलगद पडतात आणि चालू गाडीत अडकतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबलचं सेटिंग बिघडलं असेल, किंवा क्लच हायड्रॉलिक असेल तर त्याचं ऑइल कमी झालं असेल, हवा शिरली असेल. ही कामं गिअरबॉक्स न उतरवता होतात.

उलटा प्रकार म्हणजे क्लच घसरणं. मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४०-५० च्या वेगात ॲक्सिलरेटर जोरात दाबा. आरपीएमचा काटा वर पळाला आणि वेग मात्र तिथेच, तर प्लेट संपत आली. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाताना (राष्ट्रीय महामार्ग ३६१) क्लचला फारसं काम नसतं. क्लच मरतो तो गंजगोलाईत आणि वजिराबादच्या गर्दीत, अर्ध्या क्लचवर इंच-इंच सरकताना. त्यामुळे जुनी गाडी घेताना नुसते किलोमीटर बघू नका, ती चालली कुठे तेही विचारा.

आवाजावरूनही बरंच कळतं. गाडी न्यूट्रलला उभी करा. क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्या. दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, म्हणजे काम खरंच आतलं आहे. फक्त वळणावर कट-कट आवाज येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट बघायला सांगा, गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका.

ऑइल: इथे नडतं ते भलतंच

मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल इंजिन ऑइलसारखं लवकर काळं पडत नाही, म्हणून ते सगळे विसरतात. छोट्या हॅचबॅकमध्ये ते साधारण दोन लिटर बसतं. प्रमाण आणि बदलायचा कालावधी गाडीच्या पुस्तकात असतो, तोच धरा.

डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ लिहिलेलं असतं. पाच हा आकडा मोठा म्हणजे माल भारी, असा समज आपल्याकडे पक्का आहे. प्रत्यक्षात जीएल-५ मध्ये जास्त दाब सोसणारी गंधकयुक्त रसायनं जास्त असतात. ती डिफरन्शियलच्या गिअरला उपयोगी, पण पितळी सिंक्रोनायझर रिंगा त्यातल्या काही ऑइलमुळे खराब होऊ शकतात. दुसरा गिअर टाकताना खर्र होतं ना, ते काम या रिंगांचं. पुस्तकात जीएल-४ असेल तर जीएल-४ च घाला, दुकानदार काहीही म्हणो.

बदलताना आधी वरचा भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघा, मगच खालचा काढा. वरचा जाम निघाला आणि ऑइल आधीच सांडून बसलात, तर गाडी तिथेच. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी पेस्टसारखा थर असला तर काळजी नको. हाताला टोचणारे तुकडे निघाले तर मात्र गिअरबॉक्स खोलावाच लागेल.

एएमटी म्हणजे मॅन्युअलच, फक्त पाय दुसऱ्याचा

२०१४ मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे स्वस्त ऑटोमॅटिक गाड्या आल्या, आणि आता पुण्यात वापरलेल्या अशा गाड्या मराठवाड्यात भरपूर येतात. आत नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचीच कोरडी क्लच प्लेट आहे. क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम ॲक्च्युएटर करतो, आणि त्याला हुकूम सोडतो टीसीयू नावाचा छोटा संगणक. माझ्या धंद्याच्या भाषेत, जुन्या हार्डवेअरवर नवं सॉफ्टवेअर.

हे सॉफ्टवेअर क्लच नेमका कुठे पकडतो तो बिंदू लक्षात ठेवतं. प्लेट झिजली की बिंदू सरकतो, नवी टाकली की पुन्हा सरकतो. म्हणून क्लच बदलल्यावर स्कॅनर लावून कॅलिब्रेशन करावंच लागतं. अहमदपूरला माझ्या मामांच्या गाडीत नवा क्लच पडल्यावरही झटके थांबेनात, तेव्हा एका गॅरेजने गिअरबॉक्सच बदलायला सांगितला होता. दुसरीकडे फक्त कॅलिब्रेशन केलं आणि झटके गेले. मोबाइलला जोडायचे स्वस्त ओबीडी डोंगल इथे कामाचे नाहीत, ते बहुधा इंजिनचेच कोड वाचतात. तेव्हा कामाला हात लावण्याआधीच विचारा, "एएमटीचं कॅलिब्रेशन तुमच्याकडे होतं का?" नाही म्हणाले तर पुढचं गॅरेज.

ॲक्च्युएटर विजेवर चालतो, त्यामुळे बॅटरी मरगळली की गिअरही लहरी होतात. आधी ती तपासा. काही गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं की पंपाचा घूं आवाज येतो, तो दोष नव्हे. पण पंप सारखाच सुरू-बंद होत असेल तर हायड्रॉलिक भागात गळती आहे का बघायला सांगा. आणि चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, ब्रेक वापरा. नाहीतर जळते ती प्लेटच.

सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टरचं गणित वेगळं आहे, त्यांना त्यांचंच ऑइल लागतं. गिअर ऑइल त्यांच्यात चुकूनही नको.

पुरातून गाडी काढली असेल तर

२०२५ च्या पावसाळ्यात नांदेड-लातूरकडे किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या हे आपण पाहिलंय. इंजिनकडे सगळे बघतात. पण गिअरबॉक्सला हवा ये-जा करायला एक छोटी नळी असते, ब्रीदर. तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि या नळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. गाडी लगेच काहीच दाखवत नाही, आतली बेअरिंगं मात्र गंजायला लागतात.

गुडघाभर पाण्यातून गाडी गेली असेल तर ऑइलचा थेंब काढून बघा. दुधाच्या चहासारखा रंग आला असेल तर ते आजच बदला. थोडी चालवून पुन्हा एकदा बदला, कारण पहिल्या वेळी आतलं सगळं पाणी निघत नाही. पुरानंतर स्वस्तात मिळणारी गाडी बघायला गेलात, तर हा थेंब तिथेच, पैसे देण्याआधी काढायला लावा.